पथक गावात, बाळ फडात

तेलगावच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, त्याच सुमारास बीडचे हजारो ऊसतोड मजूर लेकराबाळांसह पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार मूल साधारण ८ ते १८ महिन्यांत आधाराविना चालू लागते. शेजारचे बाळ आधी चालले म्हणून घाबरू नये. दीड वर्ष उलटूनही पाऊल पडत नसेल, तर मात्र तपासणी हवीच. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पाच-सहा महिने फडावर असलेल्या बाळाची एक फेरी सहज हुकते, आणि व्यायामोपचाराचे मोलाचे महिनेही. एक फेरी दसऱ्याआधी गावात, दुसरी थेट फडावरच्या कोप्यांत व्हायला काय हरकत आहे?