स्मृति गेली तरी ‘मी’ उरतो काय?

हजेरीच्या वेळीं आपलें नांव ऐकतांच आपण ‘हजर’ म्हणून उत्तर देतों. परंतु हें उत्तर देणारा ‘मी’ कोण, हा प्रश्न क्वचितच आपल्या मनांत येतो. जो बालक पहिल्या दिवशीं रडत शाळेंत आला, त्याची उंची, आवाज, आवडीनिवडी यांपैकीं आज कांहींच उरलेलें नाहीं. तरीहि ‘तो मीच’ असें आपण निःशंकपणें म्हणतों, तें कशाच्या आधारावर?

स्मृतीच्या आधारावर, असें इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें १६९४ सालीं सांगितलें. आपल्या ज्या गतकृत्यांपर्यंत आपली जाणीव पोहोंचते, तीं करणारी व्यक्ति व आपण एकच, असें त्याचें मत. यावर स्कॉटलंडमधील टॉमस रीड यानें १७८५ सालीं एक मार्मिक शंका काढली. एका मुलास बागेंतील फळें चोरल्याबद्दल शाळेंत मार बसला. पुढें सैन्यांत अधिकारी होऊन त्यानें शत्रूचें निशाण हस्तगत केलें, तेव्हां तो मार त्यास आठवत होता. वृद्धपणीं तो सेनापति झाला. त्यास निशाण आठवे, मार मात्र मुळींच आठवेना. लॉकच्या न्यायानें मुलगा व अधिकारी एक, अधिकारी व सेनापति एक, परंतु मुलगा व सेनापति निरनिराळे! हें कोणाच्या बुद्धीस पटेल?

हा केवळ तार्किक वाद नव्हे. अमेरिकेंतील हेन्री मोलेसन या गृहस्थाच्या मेंदूवर अपस्मारामुळें १९५३ सालीं शस्त्रक्रिया झाली. तदनंतर नवें घडलेलें कांहींच त्याच्या स्मरणांत टिकेना. आरशांत पाहून तारकेची आकृति रेखाटण्याचा अभ्यास त्याजकडून करवून घेतला, तेव्हां दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला. परंतु हें काम आपण पूर्वीं केलें आहे, याची त्यास दाद नव्हती. मनुष्य विसरला, पण त्याचा हात विसरला नाहीं.

माझ्या आजीस अखेरच्या दिवसांत माझें नांव आठवत नसे. ‘आतां ती पूर्वींची आजी राहिली नाहीं,’ असें आलेगेले म्हणत. परंतु जेवणाच्या वेळीं, मला न ओळखतांहि, माझ्या भातावर तूप कमी पडलें कीं वाढणाऱ्यास ती दटावीत असे. ती आजी नव्हती, तर मग कोण होती?

माझ्या मतें ‘मी’ म्हणजे केवळ आठवणींची पेटी नव्हे. जें आपण वर्षानुवर्षें केलें, तें आपल्या अंगीं मुरतें. आणि जें आपण विसरलों, तें इतरांच्या स्मरणांत राहतें. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, ‘मला आठवत नाहीं’ एवढें म्हणून आपल्या हातून झालेल्या अपराधाचें ऋण फिटत नाहीं. तसेंच घरांतील एखादें वृद्ध माणूस आपणांस विसरलें, म्हणून तें आपलें उरलें नाहीं, असेंहि होत नाहीं. त्याच्या वतीनें ‘हजर’ म्हणण्याचें काम तेव्हां आपलें असतें.