रोलबॅक अर्धवट झाला म्हणे!

"रोलबॅक अर्धवट झाला." एएस/४००वर काम करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य आलं की माझं टाळकंच सटकतं. मशीनकडे बोट दाखवायचं, डीएफयू उघडायचं आणि फाइलीतले आकडे हातानं दुरुस्त करून मोकळं व्हायचं. याला म्हणे सपोर्ट!

(घरच्या मंडळींसाठी: ऑर्डर नोंदवली की साठा कमी होतो, बिल तयार होतं, गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढते. मध्येच काही बिनसलं तर तिन्ही गोष्टी जणू घडल्याच नाहीत असं व्हायला हवं. हा रोलबॅक. बिल गायब पण साठा कमी तो कमीच, हा 'अर्धवट'.)

अहो, १९८८ साली आलेलं हे यंत्र. नावं बदलत गेली, आता आयबीएम आय म्हणतात. त्यातलं कमिटमेंट कंट्रोल सोपवलेलं काम चोख परत फिरवतं. तुम्ही त्याच्यावर काय सोपवलं होतंत ते सांगा ना! आरपीजीत फाइल जाहीर करताना कमिट हा शब्द राहिला, की त्या फाइलीतला बदल तत्क्षणी पक्का. पुढचा बिल नंबर डेटा एरियात ठेवलात, तर तोही मागे यायचा नाही.

खरी छळवादी भानगड अॅक्टिव्हेशन ग्रुपची. कमिटमेंट कंट्रोल सुरू करताना काही सांगितलं नाही तर त्याची हद्द त्या ग्रुपपुरतीच. मुख्य प्रोग्रॅमनं साठा कमी करणारा एसक्यूएलचा प्रोग्रॅम बोलावला आणि तो दर वेळी नव्या ग्रुपमध्ये चालत असला, तर त्याचा संसार वेगळा. तो सुरळीत संपला की त्याचे बदल आपोआप कमिट होतात. मग मुख्य प्रोग्रॅमनं कितीही रोलबॅक मारू दे! हद्द अख्ख्या जॉबची ठेवली असती तर दोघं एकाच व्यवहारात आले असते.

आणि हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. जर्नल बघा. साठ्याच्या नोंदीवर कमिट सायकलचा आकडा शून्य असेल तर ती कमिटमेंट कंट्रोलच्या बाहेर झाली. आकडा वेगळा आणि त्याखाली स्वतंत्र कमिटची नोंद असेल, तर ग्रुपचा घोळ. दहा मिनिटांचं काम.

एका कंपनीत (नाव नको) मी जर्नल मागितलं, तर रिसीव्हर रोज रात्री डिलीट! डिस्क भरते म्हणे. तिथे दर महिनाअखेर साठा जुळत नसे आणि जाब विचारला जाई गोदाम सांभाळणाऱ्याला. चोरीचा संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती, आणि संशय घेणाऱ्यांतच डीएफयूवाले पुढे! आता टेपवर सेव्ह केल्याशिवाय रिसीव्हर डिलीट करायचे नाहीत, एवढं तरी मी त्यांच्याकडून लेखी घेतलंय. डीएफयू मात्र अजून चालूच आहे.