टाकी आज, मासे महिन्याने

रविवारी टाकी, खडी, फिल्टर आणि सहा गोल्डफिश एकदमच घेऊन गेलेलं गिऱ्हाईक आठवड्याभरात मेलेल्या माशांची तक्रार घेऊन येतं. आपण त्याच्या हातावर निळ्या औषधाची बाटली ठेवतो. हे थांबायला हवं. ते मासे बहुतेक वेळा रोगाने नव्हे, स्वतःच टाकलेल्या अमोनियाने मेलेले असतात.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे बरंच सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते नसतातच म्हटलं तरी चालेल. त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. पाणी नितळ दिसतं, विष साठत जातं. मासे वर येऊन धापा टाकू लागले की लोक एअर पंप वाढवतात. पण नायट्राइटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच गेलेली असते. मेलेल्या माशाचा कल्ला उचलून पाहा, लालऐवजी तपकिरी दिसतो.

चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा हावड्याहून येणाऱ्या मालाचं गणित थोडं वेगळं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडतो आणि पीएच चढतो. पीएच 7 चा 8 झाला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. अशा उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसणं म्हणजे मासे त्यातच कोंडून ठेवणं. लांबून आलेली पिशवी बंदच तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडताच मासे जाळीने उचला, पाणी मोरीत ओता.

नव्या टाकीत मासे सोडण्याआधी महिनाभर थांबायला सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही भीती खोटी नाही. पण ज्याचे मासे दोनदा मेले त्याची टाकी माळ्यावर जाते आणि तो कोणत्याच दुकानात परत येत नाही. त्याला थांबवता येत नसेल, तर निदान दुकानातल्या निरोगी टाकीत मुरलेला एक स्पंज ओला ठेवून सोबत द्या. त्या दिवशी दोनच मासे विका. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात; टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे पैसे घेण्याआधी सांगा.