सनद ते शिष्यवृत्ती : तृतीयपंथीयांच्या हक्कांचा विसरलेला धागा

दौंड जंक्शनवर गाडी थांबली की टाळ्यांचा आवाज डब्यात शिरतो आणि प्रवाशांच्या नजरा खिडकीबाहेर वळतात. ही भिक्षा म्हणजे केवळ लाचारी, असा समज रूढ आहे. दख्खनच्या दप्तरांत मात्र ती एके काळी हक्क म्हणून नोंदलेली होती.

मराठा राजवटीत हिजड्यांच्या काही गटांना भिक्षेचे हक्क, रोख नेमणुका आणि इनाम जमिनी राज्याच्या मान्यतेने मिळत. हा वारसा गुरूकडून चेल्याकडे जाई. इतिहासकार लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ च्या शोधनिबंधात मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांतून हे प्रकरण उजेडात आणले.

१८१८ मध्ये सत्ता बदलली. कोरेगावच्या लढाईसाठी कंपनीची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली होती, हे इतिहासप्रेमींना तोंडपाठ असते. त्यानंतर या मुलखातील इनामांचे काय झाले, याकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. नव्या सरकारचा आक्षेप लिंगच्छेदाच्या प्रथेला होता आणि तो सर्वस्वी गैर नव्हता. घाव मात्र पडला तो उपजीविकेवर. १८५२ च्या इनामविषयक कायद्याने सार्वजनिक सभ्यतेला बाधक ठरणारे हक्क पुढे न चालवण्याची तरतूद केली. चेल्यांचा वारसा खुंटला. भीक उरली, तिच्यामागची सनद गेली.

म्हणूनच आजच्या शिष्यवृत्तीला ‘नवे लाड’ म्हणणे अनैतिहासिक आहे. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात व नोकऱ्यांत आरक्षण देण्याचे निर्देश दिले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्माईल’ योजनेत नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत वर्षाला १३,५०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. म्हणजे महिन्याला ११२५ रुपये. घरातून हाकलल्या गेलेल्या विद्यार्थ्याला पुण्यात एवढ्यात खाटही मिळणार नाही.

येथे महाराष्ट्राचाच अनुभव उपयोगी पडावा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तिच्यात राहण्याखाण्याचाही विचार होता. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या, पण त्याआधीच, १९०१ मध्ये, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे राहिले होते आणि पुढे अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या मुलाची पहिली अडचण फी नसून छप्पर आहे, हे त्या राजाने ओळखले होते. आजच्या योजना नेमक्या येथेच तोकड्या पडतात.

दुसरी अडचण कागदाची. या शिष्यवृत्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले ओळख प्रमाणपत्र लागते. अर्ज ऑनलाइन असला तरी शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयातला लिपिक अनेकदा वडिलांच्या ओळखीचा असतो. तेथे अर्ज करणे म्हणजे साऱ्या गावाला सांगणे. समलिंगी आणि उभयलिंगी विद्यार्थ्यांसाठी तर प्रमाणपत्रही नाही, योजनाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने त्यांच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. पण घराने खर्च थांबवला तर त्यांनी कोणत्या खिडकीशी उभे राहावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही.

दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्या बाईंनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवले आणि त्यापायी सासरचे घर सोडले, त्यांचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाकडून दोन गोष्टींची अपेक्षा वाजवी आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाला वगळून थेट विद्यापीठाकडे, गोपनीयतेने करता यावा. आणि वसतिगृहातील काही खोल्या अशा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात, पालकांच्या सहीची अट न घालता.