बलराज साहनींचे अनवाणी पाय

बलराज साहनी म्हटले की ‘वक्त’मधले (१९६५) बायकोसाठी गाणे म्हणणारे लालाजी बहुतेकांना आठवतात. आम्हाला आठवतात ते ‘दो बिघा जमीन’मधले (१९५३) त्यांचे पाय.

रावळपिंडीत १९१३ साली जन्म, लाहोरला इंग्रजीत एम. ए., महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीत नोकरी. हा माणूस विलायती सूट घालून भेटायला आला तेव्हा बिमल रॉय यांना वाटले, चुकीच्या माणसाला बोलावले. हा कसला शेतकरी? साहनींनी ‘धरती के लाल’मधल्या (१९४६) कामाचा दाखला दिला. मग जोगेश्वरीच्या दूधवाल्यांच्या वस्तीत जाऊन तिथली माणसे कशी बसतात, कशी चालतात ते पाहिले. पुढे कलकत्त्याच्या रस्त्यावर अनवाणी हातरिक्षा ओढली. तिथे एका बिहारी रिक्षावाल्याला त्यांनी सिनेमाची गोष्ट सांगितली, तर तो रडू लागला. त्याचीही जमीन अशीच अडकली होती.

सिनेमातल्या शंभूचे देणे ६५ रुपये, पण जमीनदाराच्या वहीत ते २३५ होते. आम्ही कारकून, दिवसभर आकडेच पाहतो. तरी त्या वहीपुढे शंभू ज्या नजरेने उभा राहतो, ती पाहून आमचीच मान खाली गेली. साहनी तिथे गयावया करून रडत नाहीत. बिचारेपणा दाखवून टाळ्या घेणारे नट पुष्कळ झाले. यांनी गरिबाची अब्रू राखली.

आमचे वडील गोदीत हमाल होते. दूरदर्शनवर हा सिनेमा लागला तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. जास्त पैशाच्या लोभाने शंभू रिक्षा पळवतो आणि चाक निखळते, तो प्रसंग आला. वडील पुढे सरकले आणि एवढेच म्हणाले, “ह्याच्या पाठीला वझं ठावं हाय.” अभिनयाची याहून मोठी पावती आम्ही तरी ऐकलेली नाही.

‘गर्म हवा’त ते आग्र्याचे चपला-बुटांचे कारखानदार सलीम मिर्झा झाले. फाळणीनंतर कर्ज मिळेना, घर गेले, मुलगी गेली. आवाज मात्र चढत नाही. शेवटी स्टेशनकडे निघालेला टांगा सोडून ते बेकारांच्या मोर्चात शिरतात.

या सिनेमाचे डबिंग संपवल्यावर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, साहनी वारले. सेन्सॉरमध्ये अडकलेला ‘गर्म हवा’ लोकांपुढे आला तो १९७४ साली.