हाडांचा डॉक्टर वेगळा, संधिवाताचा वेगळा

माझ्या मावशीची बोटं आज वाकडी झालीत. लोक म्हणतात, वात आहे, वयाचं आहे. वय बेचाळीस! खरं कारण एवढंच की योग्य डॉक्टरपर्यंत पोहोचायला तिला तीन वर्षं लागली.

सकाळी उठलं की तास-दीड तास मूठ वळायची नाही. गावात दुखणं थांबवायच्या गोळ्या झाल्या, तालुक्याला हाडांचे डॉक्टर झाले. मग कुणीतरी दिलेली पुडी. आठ दिवसांत आराम पडला, पण पुढे चेहरा सुजला, साखर वाढली. "पुडीत स्टेरॉइड असणार," हे शेवटी पुण्यात सांगितलं ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे संधिवाततज्ज्ञाने.

हा डॉक्टर असतो, हेच आपल्याला माहीत नसतं. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिनची तीन, त्यावर डीएमची आणखी तीन. झाली साडेअकरा! एवढं शिकून तो ऑपरेशन करत नाही. कारण आमवात हा मुळात हाडांचा आजारच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, कधी फुप्फुसं आणि डोळ्यांपर्यंतही जाते.

इथे नुसता रिपोर्ट वाचून भागत नाही. 'आरए फॅक्टर' निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. सांधे हाताने तपासावे लागतात. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मधूनमधून रक्त आणि लिव्हर तपासावं लागतं. हे समजावून सांगणं हासुद्धा उपचारच.

आणि हा काही शहरी लोकांचा आजार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने घरोघर पाहणी सुरू केली. हजार प्रौढांत साधारण पाच जणांना आमवात आढळला. आता तुमच्या गावाचा हिशोब तुम्हीच करा.

प्रत्येक तालुक्याला असा तज्ज्ञ लगेच मिळणार नाही, मान्य. पण जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस संधिवाताची ओपीडी का नको? सांधे सहा आठवडे सुजलेले आणि सकाळी ताठरलेले असतील तर पेशंट पुढे पाठवायचा, एवढं आशाताई आणि पीएचसीच्या डॉक्टरांना शिकवता येत नाही? मेथोट्रेक्झेट राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, महागही नाही. औषध आहे, विद्या आहे. पेशंटला तिथवर नेणारी वाट तेवढी नाही.

आमवातात सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे. तेव्हाच औषध लागू झालं तर सांधे वाचतात. एकदा वाकडं झालेलं बोट गोळीने सरळ होत नाही.

पुढच्या ग्रामसभेत रस्ते-गटाराबरोबर हाही विषय काढा. आणि घरात कुणाची सकाळी मूठ वळत नसेल, तर "वात आहे" म्हणून गप्प बसू नका.