आत्याला शहराबाहेर काढायचंय!

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते.

पुण्यातल्या नाना पेठेतून एक आजी पायी निघणार आहेत. त्यांना सासवडला पोचायचंय. अंतर सुमारे ३० किलोमीटर. आजींचं वय ६७, आणि डावा गुडघा सारखा कुरकुरतो. वाटेत आधी गर्दीचं शहर, मग दिवे घाट. सांगा, तुम्ही त्यांना कोणत्या वाटेनं न्याल आणि किती वाजता निघाल?

हे कोडं पुस्तकातलं नाही हं. या आजी म्हणजे माझी सख्खी आत्या. माळशिरस तिचं माहेर. लग्नानंतर ती पुण्याला गेली, पण आषाढी वारीत माळशिरसला येऊन पुढं पंढरपूरपर्यंत चालायचं, हा तिचा नेम. मागच्या वारीच्या आधी तिचा फोन आला. म्हणाली, "पोरी, यंदा मला पुण्यापासून निघायचंय. एकदा तरी चालत माहेरी यायचंय."

तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, अजिबात तयार नव्हता. "पुढं दिंडीत सगळी काळजी घेतात, पण या शहरातून बाहेर कशी पडशील? एवढ्या गाड्या, एवढी गर्दी!" असं त्याचं म्हणणं. आत्या रुसली. दोन दिवस जेवणावरून तक्रारी. शेवटी घरातल्या आठवीतल्या पोरानं हे काम अंगावर घेतलं. हा आत्याचा नातू. तो मला आत्या म्हणतो आणि मी त्याच्या आजीला आत्या म्हणते, त्यामुळं आमच्या घरात हाक एक आणि ओ देणाऱ्या दोघी!

आता थोडी माहिती. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकाराम महाराजांची आदल्या दिवशी देहूहून. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्काम करतात. माऊली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. मग एकाच सकाळी दोन्ही निघतात आणि हडपसरला त्यांची वाट वेगळी होते. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडं जाते, माऊलींची दिवे घाट चढून सासवडला. पुढं दोन्ही आपल्याच माळशिरस तालुक्यात येतात. माऊली नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा, तर तुकोबा अकलूज, बोरगाव असे. त्यामुळं आपल्याकडं वारी म्हटलं की घरचंच कार्य.

नातवानं आधी काय केलं? फोनवर नकाशा उघडला, दोन टोकं टाकली आणि सगळ्यांत जवळची वाट निवडली. झालं काम! मी फोनवर विचारलं, "त्या वाटेवर सावली कुठं आहे? पाणी कुठं? आजीला बाथरूमला जायचं झालं तर?" पलीकडं शांतता. नकाशाला अंतर कळतं रे बाळा, पण गुडघा कुठं कळतो?

मग त्यानं वही घेतली आणि पानावर सहा रकाने आखले: सावली, पाणी, बसायची जागा, स्वच्छतागृह, गाड्या, आणि मागं फिरायची सोय. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा बरं का. थकवा आला तर घरी परतायला बस कुठून मिळेल, हे निघण्याआधीच ठाऊक हवं.

त्याच्यापुढं तीन वाटा होत्या.

पहिली, पालखीबरोबर. त्या दिवशी रस्ता गाड्यांना बंद असतो, हा मोठा फायदा. पण गर्दी लाखांची, आणि चालण्याचा वेग आपला नाही, गर्दीचा. मध्येच बसावं म्हटलं तर जागा सापडत नाही. शिवाय हे सगळं अंतर एकाच दिवसात तोडायचं, आणि घाट लागतो तो दुपारी, पाय दमल्यावर.

दुसरी, कोंढव्यावरून बोपदेव घाटानं, भिवरी आणि चांबळीमार्गे सासवड. बाहेर पडल्यावर डोंगर छान दिसतात. पण पालखी तिकडून जात नाही, म्हणून रस्ता बंद नसतो, आणि घाटात वळणावळणावर गाड्या.

तिसरी त्यानं स्वतः शोधली होती. पुण्यातून मुठा उजवा कालवा हडपसरच्या बाजूला जातो. आपल्याकडं जसा नीरा उजवा कालवा, तसाच तो. कालव्याच्या कडेला झाडं असतात, गाड्या नसतात, म्हणजे झकास वाट! रविवारी सकाळी सायकल काढून हा बघायला गेला. थोडं अंतर खरोखर छान गेलं. मग एके ठिकाणी समोर भिंत, दुसरीकडं कुलूपबंद फाटक, आणि पुढं कचऱ्याचा ढीग. नकाशावर यातलं काहीच नव्हतं. बिचारा हिरमुसला होऊन परत आला. मी म्हटलं, "अरे, आजीला घेऊन तिथं अडकण्यापेक्षा तू एकटा अडकलास हे किती बरं झालं! यालाच पाहणी म्हणतात."

त्यानंतर त्यानं गणित मांडलं. आजीला घराजवळच्या रस्त्यावर मोजून १ किलोमीटर चालवलं. १८ मिनिटं लागली. बसण्या-उठण्याची धरून २५ मिनिटं ठरवली. आता तुम्हीच करा गुणाकार: ३० गुणिले २५ म्हणजे ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास! एका दिवसात हे जमणारं नाही, हे वहीनंच सांगितलं.

आणि इथंच पोराच्या डोक्यात दिवा लागला. पालखी पुण्यात दोन रात्री थांबते ना? मग मधल्या विश्रांतीच्या दिवशी आपण पुढं निघायचं. पहाटे, गाड्या सुरू होण्याआधी शहर ओलांडायचं आणि सुमारे १८ किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी वडकीला मुक्काम करायचा. तिथं वहिनीच्या माहेरची माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी घाट गाड्यांना बंद असेल. पालखी तिथं दुपारी पोचते. आपण उजाडताना घाट चढायला लागलो तर रस्ता मोकळा, हवा गार, आणि पाय ताजे!

आत्याला एकच शंका होती. "माऊलींच्या पुढं कसं चालायचं? बरं दिसतं का ते?" मी तिला आठवण दिली की माऊलींच्या रथाच्या पुढंही २७ दिंड्या चालतात. पुढं चालणारे तेही वारकरीच. ती हसली, पण लगेच म्हणाली, "म्हणजे हडपसरला दोन्ही पालख्या वेगळ्या होताना मला दिसणार नाहीत." ते खरंच होतं. नातवाच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. कुणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "असू दे. गुडघा सांभाळायचा तर काहीतरी सोडावं लागणारच."

मी दोन दिवसांची रजा टाकून पुण्याला गेले. पहाटे साडेचारला आम्ही चौघं निघालो: आत्या, वहिनी, नातू आणि मी. भवानी पेठ, पूलगेट, मग लष्कराच्या बाजूच्या झाडांखालून. रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते, हा नातवाचा नियम. शेवटच्या माणसाच्या पाठीवर चमकणारी पट्टी, हा दुसरा. हडपसरकडं जाताना तोंड पूर्वेला असतं, म्हणून ऊन डोळ्यांवर येण्याआधी तिथं पोचायचं, हा तिसरा.

सगळं वहीप्रमाणं चाललं होतं. पण एक गोष्ट चुकली. त्यानं बसायच्या जागा म्हणून चहाची दुकानं लिहिली होती. आत्या मात्र तिथं थांबायला तयार होईना. "दर वेळी चहा कसा प्यायचा? आणि काही न घेता बसलं तर माणसं बघतात." ती उभीच राहून दम घ्यायची. मग एका बंद दुकानाची पायरी दिसली. झाडाखाली, दोन माणसं बसतील एवढी. आत्या तिच्यावर टेकली आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "बाळा, जिथं फुकट बसायला लाज वाटत नाही, ती वाट चांगली. लिही तुझ्या वहीत." त्यानं तिथंच उभं राहून सातवा रकाना आखला.

खरं सांगते, माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं. गावात ओटे असतात, पार असतो, देवळाची पायरी असते. शहरात बसायला जागा किती कमी, हे चालल्याशिवाय कळत नाही.

बारा वाजता ठरलं होतं, वडकीला पोचलो पाऊण वाजता. दुसऱ्या दिवशी पाच वाजता घाट चढायला सुरुवात केली. खाली मस्तानी तलाव हळूहळू उजळत होता. घाटात गाड्या नाहीत, फक्त आमच्यासारखेच पुढं निघालेले वारकरी आणि टाळांचा आवाज. आत्या दर वळणावर थांबायची, आणि कठड्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती! माथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ती दिसली तेव्हा तिनं आधी नातवाचा हात धरला, मग नमस्कार केला. सासवडला आम्ही साडेअकराला पोचलो. संध्याकाळी माऊलींचं स्वागत करायला आत्या पहिल्या रांगेत उभी होती.

पुढं सगळी वाट ती चालली का? नाही. जेजुरीनंतर गुडघा सुजला. नातेपुत्यापर्यंत ती दिंडीच्या सामानाच्या ट्रकमधून आली, आणि नातेपुत्याहून पुन्हा चालायला लागली. पुरंदावड्याच्या रिंगणाला मी माझा वर्ग घेऊन गेले होते. घोडा धावला, पोरं ओरडली, आणि गर्दीतून आत्या पिशवी सावरत येताना दिसली. तिथून माळशिरसपर्यंत ती आमच्या पोरांबरोबर चालली. चौपदरी झालेल्या त्या रस्त्याकडं बघून म्हणाली, "इथं पूर्वी वडाची झाडं होती गं. त्यांच्याखाली बसत होतो आम्ही." त्या वडांच्या जागी आता रस्ता आहे, आणि कडेला लावलेली रोपं अजून लहान आहेत. आमच्या दारात आल्यावर मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, तेव्हाच आत आली. चालत माहेरी आली होती ना!

आता तुमचं काम. या रविवारी मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि तुमच्या घरापासून गावाच्या किंवा शहराच्या वेशीपर्यंत चालत जा. वहीत सात रकाने आखा. सावलीची झाडं मोजा, पाण्याचे नळ मोजा, आणि फुकट बसता येईल अशा जागा मोजा. मग घरातल्या आजीला किंवा आजोबांना विचारा, "या वाटेनं याल का?" त्या काय म्हणाल्या, ते काय म्हणाले, आणि तुमच्या वहीत कोणता आठवा रकाना लागला, हे मला पत्रानं नक्की कळवा.

वाट बघते.

तुमची,
माळशिरसच्या बाई